प्रातिनिधिक चेहरा

आर्णीच्या बसस्टँडसमोर होर्डिंग लागलं, तेव्हा मी यवतमाळच्या एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी होते. हे पद ऐकायला भारदस्त वाटतं. काम एवढंच, की बातम्या पाठवायच्या, जाहिराती आणायच्या आणि दोन्हींचं भांडण लागलं तर मुकाट जाहिरातीच्या बाजूनं उभं राहायचं. आमच्या घरात सगळे कचेरीत नोकरी करणारे. पत्रकार झाले म्हणून वडिलांना माझा अभिमान होता. मी त्यांना ही व्याख्या कधी सांगितली नाही.

होर्डिंग सोयाबीनच्या बियाण्याचं होतं. कंपनी मोठी, जाहिरात करणारे पुण्या-मुंबईकडचे. चित्रात डोक्याला कोल्हापुरी फेटा बांधलेला एक पिकल्या दाढीचा माणूस हसत होता. त्याच्यामागे कोकणातली भाताची खाचरं दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'लई भारी पीक आलंया, पावनं!' आणि त्याखाली, 'प्रगतशील शेतकरी, ता. राळेगाव' असं म्हणून एक नाव. सोयाबीन विकायला भात, वऱ्हाडात कोल्हापूरचा फेटा आणि राळेगावच्या तोंडी 'आलंया'! हे मंजूर करताना किती जणांनी माना डोलावल्या असतील, काय माहीत. त्या खोलीतल्या एकालाही यवतमाळ जिल्हा नकाशावर बोट ठेवून दाखवता आला नसता, हे मात्र मी पैजेवर सांगते.

आर्णीकरांना नकाशाची गरज नव्हती. फेट्यातला माणूस शेतकरी नव्हता, राळेगावचा नव्हता आणि खालचं नाव त्याचं नव्हतं. तो आमचा मेकॅनिक चाचा होता. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. गावातल्या निम्म्या मोटरसायकली त्याच्याच हातातून गेलेल्या. माझी स्कूटीसुद्धा.

मी विचारायला गेले, तर तो पोट धरून हसला.

"अवो ताई, त्या जाहिरातवाल्यायची गाडी इथंच गरम झालती. म्या पाईप बदलवला. तवर एकजन म्हने, चाचा, चेहऱ्यावर मातीचं तेज हाये तुमच्या. म्या म्हनलं, माती नाही बाबा, ग्रीस हाये. त्यायनं बॅगेतून फेटा काढला, डोक्शावर ठेवला न् फोटो घेतला. मले वाटलं, पोट्टे मजाक करून राह्यले."

"मग सही वगैरे घेतली?"

"कायची सही? चहा बी म्याच पाजला त्यायले."

सुरुवातीला गावानंही मजाच केली. येणारा-जाणारा त्याला 'पाटील' म्हणायचा. चाची मात्र चिडली होती. आपल्या माणसाला दुसऱ्याचं नाव कसं लावलं, एवढंच ती विचारायची. या सगळ्यात खरा प्रश्न तिचा होता आणि तो कोणीच ऐकून घेतला नाही.

मग खेड्यांतून लोक यायला लागले. स्टँडवर उतरायचे, होर्डिंग बघायचे, आणि तोच माणूस गल्लीत पाना घेऊन बसलेला दिसला की बियाण्याचं विचारायचे. चाचा प्रत्येकाला सांगायचा, "माह्याजवळ एक गुंठा बी नाही, मले कायले इचारता?" काहींना तो साधेपणा वाटला. एवढा मोठा कास्तकार न् गाडीखाली झोपून काम करते, असं म्हणत ते कौतुकानं दुकानाकडे वळायचे.

बियाणं उगवलं नाही. पाऊस वेळेवर होता, शेजारच्या वावरात दुसऱ्या बियाण्याच्या हिरव्या ओळी उभ्या होत्या आणि हे बियाणं पेरलेल्या वावरात नुसती काळी माती. फुलसावंगीचे काही शेतकरी दुकानदाराकडे गेले. त्यानं हात वर केले. मग ते त्या ओळखीच्या चेहऱ्याकडे आले.

मी पोचले तेव्हा गल्लीत गर्दी होती. बियाण्याच्या रिकाम्या थैल्या गॅरेजच्या दारात फेकलेल्या. पान्यांचा ट्रे उलटा पडलेला. एका तरण्या शेतकऱ्यानं चाचाची कॉलर धरली होती.

"तूच सांगतलं ना, लई भारी पीक हाये म्हनून? आता दुबार पेरनी कशी करू?"

चाचा ओरडला नाही. कॉलर तशीच धरू देऊन त्यानं त्या पोराला गॅरेजभर हिंडवलं. "पाय बाबा. नांगर हाये? बैल हाये? वावर कुठी लपवलं म्या, सांग. त्यायनं तुले फसवलं, तसंच मलेबी फसवलं."

त्या तरुणाचा हात सुटला. तो पायरीवर बसला. चाचीनं त्याला पाणी आणून दिलं.

मी बातमी पाठवली, कंपनीच्या नावासकट. संपादकांचा फोन आला.

"म्याडम, नाव काढून टाकू."

"काहून सर?"

"पहिल्या पानावर त्यायचीच जाहिरात हाये ना उद्या."

आमच्या धंद्याचं हे व्याकरण अगदी पक्कं आहे. कंपनीनं दोन रोपं लावली की ठळक अक्षरात पूर्ण नाव. कंपनीनं लोकांचा हंगाम बुडवला की 'एक नामांकित कंपनी'. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तळाला बातमी आली : 'गॅरेजमध्ये किरकोळ वाद'. पहिल्या पानावर फेट्यातला चाचा हसत होता.

पण कोणीतरी त्या भांडणाचा व्हिडिओ काढला होता. तो मोबाईलवरून फिरला आणि कंपनीला जाग आली. तिचे जनसंपर्क अधिकारी यवतमाळला आले. हॉटेलात पत्रकार परिषद ठेवली. प्रत्येक खुर्चीवर एक पिशवी, आत थर्मास. साहेबांचा सदरा इस्त्रीचा, मराठीही इस्त्रीची. ते म्हणाले, "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत." उगवलं नव्हतं बियाणं, आणि माफी भावनांची! जिल्ह्यातले झाडून सगळे पत्रकार ते वाक्य उतरवून घेत होते.

मी उभी राहिले. "होर्डिंगवरचा माणूस कोण आहे?"

"तो एक प्रातिनिधिक चेहरा आहे."

"कोणाचा प्रतिनिधी? त्याचं नाव खोटं, गाव खोटं, धंदा खोटा."

साहेब गोड हसले. "बाईंचा प्रश्न आम्ही नोंदवून घेतला आहे."

शेजारच्या ज्येष्ठ पत्रकारानं माझी ओढणी ओढली. पत्रकारितेवर भाषणं देणारा माणूस. "बसा ना म्याडम, जेवन थंडं होऊन राह्यलं." लगेच सगळे उठले. पनीर संपायच्या आत पोचण्यात जी चपळाई त्या दिवशी दिसली, ती मला बातमीच्या जागी कधी दिसली नव्हती. पिशव्या मात्र कोणी विसरलं नाही.

पुढचा शहाणपणा म्हणजे सत्कार. आर्णीत, त्याच होर्डिंगखाली मांडव टाकून चाचाला शाल-श्रीफळ द्यायचं आणि प्रकरण गोड करायचं. चाचानं यायचं कबूल केलं. का, ते त्यानं मलाही सांगितलं नाही. सूत्रसंचालकानं माईकवर पुकारलं ते होर्डिंगवरचं खोटं नाव. चाचा खुर्चीवरून उठलाच नाही. पुन्हा पुकारलं. शेवटी साहेबांनी हाताला धरून त्याला पुढं आणलं, तेव्हा त्यानं माईक मागून घेतला.

"हे नाव माहं नोहे," तो म्हणाला. "मी कास्तकार नोहे. माह्या तोंडाकडं पाहून ज्यायनं थैल्या घेतल्या, त्यायची मी माफी मागतो. कंपनीनं मांगावं का नाही, थे कंपनी पायल. माहा फोटो काढून टाका."

त्यानं शाल घडी करून साहेबांच्या हातात दिली आणि मंचावरून खाली उतरला. सूत्रसंचालकानं टाळ्या मागितल्या आणि लोकांनी त्या चाचासाठी वाजवल्या.

मी त्याचं बोलणं शब्दशः लिहून पाठवलं. रात्रीपर्यंत फोन आला नाही, म्हणून मला बरं वाटलं. सकाळी पेपर उघडला. 'सत्काराने भारावला शेतकरी, कंपनीचे मानले आभार'. दुसऱ्या दैनिकात हाच मथळा, तिसऱ्यातही. एका पेपरात तर शेवटी 'सोबत फोटो जोडला आहे, कृपया योग्य प्रसिद्धी द्यावी ही विनंती' हेसुद्धा छापून आलं होतं. कंपनीनं पाठवलेली प्रेसनोट वाचायचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते. आमच्या पेपरात बातमीवर लिहिलं होतं : 'तालुका प्रतिनिधी, आर्णी'.

चाचानं मला गॅरेजवर बोलावलं. मराठी वाचायला त्याला वेळ लागायचा, म्हणून त्यानं मलाच बातमी मोठ्यानं वाचायला लावली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तालुका प्रतिनिधी म्हंजे तुमीच ना ताई?"

"होय. पण हे मी लिहिलं नाही."

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "पन गावाले कसं मालूम पडन?"

मी त्याच दिवशी यवतमाळला गेले. संपादक म्हणाले, "मनावर कायले घेता? उद्या ह्याच्यात भजे बांधते लोक." स्वतःच्या पेपराबद्दल त्यांचं मत माझ्याइतकंच होतं. फरक एवढाच, की त्यांचं त्यात भागत होतं. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि निघाले.

त्यानंतर एक काम केलं. फुलसावंगीच्या लोकांसोबत त्यांच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात बसून, बियाण्याच्या पावत्या जोडून त्यांच्या तक्रारी लिहिल्या. चाचा साक्षीला आला. पंचनामा झाला, वावरं पाहिली, आणि बियाणं सदोष असल्याचं सरकारी शिक्क्यानिशी मान्य झालं. कंपनीनं बदली थैल्या पाठवल्या. त्या पोचल्या तेव्हा शेजारच्या वावरात शेंगा धरल्या होत्या. पेरायचे दिवस केव्हाच गेले होते. साहेबांनी मात्र वाटपाचे फोटो काढून घेतले आणि ते सगळीकडे छापून आले.

होर्डिंग उतरलं, ते हंगाम संपला म्हणून. लाजेचा त्यात काही संबंध नव्हता. कॉलर धरणारा तो तरुण आता मोटरसायकल चाचाकडेच आणतो. परवा मी गेले तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि चाचा त्याच्या गाडीची चेन आवळत त्याला सांगत होता, की यंदा बियाणं घेताना चित्र नोको पाहू, पावती घे.