आरोपपत्रात नसलेलं नाव

थालीपिठाची भाजणी भाजत होते, तेवढ्यात फोन वाजला. उजूताईंच्या ऑफिसातली एक मुलगी होती. रडत होती आणि रडता रडता बंगाली, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र बोलत होती. मैदानावर मुलींच्या कॉलेज फुटबॉलची फायनल होती, उजूताई मांडवाखाली बसून लिहीत होत्या. हाफ टाइमला त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत... मी म्हटलं, "अगं, नीट सांग, कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?" तर ती म्हणाली, "नेलं होतं काकीमा... पण काही उपयोग झाला नाही." हे वाक्य मला कळेचना. मी तिला पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच. कढईतली भाजणी करपली, तिचा धूर घरभर झाला, तरी मी फोन धरून उभीच. सकाळी माझ्याशी छत्रीवरून भांडून घराबाहेर पडलेली बाई दुपारी या जगात नसते, हे आज दीड महिन्यानंतरही माझ्या डोक्यात शिरत नाही.

उजूताई म्हणजे उज्ज्वला टेंबे, माझी नणंद. सुधीरची थोरली बहीण, लग्न न केलेली, बेहालाच्या घरात आमच्याबरोबरच राहणारी, आणि इथल्या एका इंग्रजी दैनिकात उभा जन्म क्रीडा-वार्ताहर म्हणून काढलेली. मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे बंगालात आले, तेव्हा माझ्या आईला धडकीच भरली होती. नणंद, तीही थोरली, तीही घरातच! येऊन बघते तर काय, वन्सं चिखलाने बरबटलेले बूट थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काढतायत आणि म्हणतायत, "शैला, जरा पाणी खाऊ दे गं." जन्म इथलाच, त्यामुळे मराठी चांगलं असूनही अधूनमधून बंगाली वळणावर जायचं. मी म्हणायची, "खा हो, ताटात वाढू का?" त्या खो खो हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी 'खायच्या'.

कॉलेजातल्या खेळाडूंवर त्यांचा फार जीव. ही पोरं मैदानाबाहेर भानगडीत सापडली, कुणी मारामारीत, कुणी दारू पिऊन गाडी ठोकून, की सगळ्या शहराला चघळायला विषय मिळायचा. उजूताईंचा मात्र एक नियम होता. पोलिसांचं आरोपपत्र कोर्टात दाखल होईपर्यंत विद्यार्थ्याचं नाव छापायचं नाही. बातमी द्यायची, नाव नाही. "पोलिसांनी पकडलं म्हणजे त्याने केलंच, असं कुठे आहे?" म्हणायच्या. "जिंकला तेव्हा आतल्या पानावर दोन ओळी, आणि पकडला गेला की पहिल्या पानावर फोटो... हा कुठला न्याय?" एकदा एका बड्या बिल्डरच्या मुलाचं नाव त्यांनी असंच गाळलं. पाकीट घेतलं असेल, अशी कुजबुज झाली. त्यांनी ढिम्म लक्ष दिलं नाही.

आणि मग आमच्या इशानची पाळी आली. इशान माझा मुलगा, त्यांचा भाचा. त्याला ढाकुरियाच्या तलावावर रोइंगला पहिल्यांदा नेलं ते आत्यानेच. पहाटे बोटीत बसणारा मुलगा आणि काठावर चहा पीत त्याच्यावर ओरडणारी आत्या, ही जोडी तिथे सगळ्यांच्या ओळखीची होती. त्याच्या कॉलेजच्या चौघांच्या संघाने शर्यत जिंकली, त्याच संध्याकाळी तलावाबाहेर दुसऱ्या कॉलेजच्या मुलांशी वाजलं. एका मुलाचा हात मोडला. पोलिसांनी चौघांनाही उचललं. मी आणि सुधीर ठाण्यात धावलो. इशान एकच सांगत होता, "आई, मी सोडवत होतो गं." उजूताई आल्या नाहीत. आम्हाला वाटलं, वकील बघतायत.

सकाळी पेपर उघडला. गळ्यात पदक घातलेला, हसणारा इशान आणि खाली 'अटक'. बातमीत लिहिलं होतं की चार विद्यार्थ्यांना पकडलं आहे, त्यांपैकी एक इशान टेंबे, या वार्ताहराचा भाचा. बाकीच्या तिघांची नावं नाहीत. का, तर नियम! म्हणजे परक्यांच्या पोरांना नियम आणि घरच्या पोराला फाशी. बातमीवर नाव उज्ज्वला टेंबे.

त्या डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या, समोरचा चहा गार झालेला. मी पेपर त्यांच्यापुढे आपटला. "उजूताई, हे काय केलंत?"

"नाव टाकलं नसतं तर सगळे म्हणाले असते, घरचा म्हणून झाकला. सगळ्यांना माहीत आहे शैला, तो माझा कोण ते."

"म्हणू देत की! बिल्डरच्या पोराच्या वेळी म्हणत होते तेव्हा कुठे भोकं पडली अंगाला? आणि दुसऱ्या कुणाला द्यायची होती बातमी!"

"तरी म्हणाले असते, मीच सांगून ठेवलं..."

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याच्या पोरासाठी लोकांच्या शिव्या खाणारी ही बाई स्वतःच्या भाच्याच्या वेळी लोकांना घाबरली, आणि तेही प्रामाणिकपणापायी! आपलेच दात, आपलेच ओठ. सुधीर बिचारा कुणाला बोलणार?

पुढचं सगळं झपाट्याने झालं. नाव एकदा बाहेर पडलेलं, मग बाकीच्या पेपरांनीही तेवढंच उचललं. शहराच्या दृष्टीने त्या मारामारीत एकच मुलगा होता. राज्याच्या निवड चाचणीत त्याला घेतलं नाही. केस मिटू दे, म्हणाले. इशान आत्याशी बोलेनासा झाला. एकाच घरात, एकाच टेबलावर दोघं जेवायचे, आणि तो "आई, आत्याला सांग वरण वाढून घ्यायला" म्हणायचा. मीच मधे बसून वरण वाढायची.

काही महिन्यांनी आरोपपत्र दाखल झालं, आणि त्यात इशानचं नावच नव्हतं! ज्याचा हात मोडला होता, त्याच मुलाने जबाब दिला होता की हा भांडण सोडवत होता. म्हणजे उजूताईंनी स्वतःचाच नियम पाळला असता, तर इशानचं नाव कधीच, कुठेच छापलं गेलं नसतं. हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्या दिवशी त्या मैदानावर न जाता दुपारीच घरी आल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, मी पोळ्या लाटत असताना, त्यांनी नवी बातमी लिहून मला वाचून दाखवली. एकदा नाही, दोनदा. शेवटच्या वाक्यात त्यांनी स्वतःची चूक कबूल केली होती. इशान आतल्या खोलीत होता. तो दारापर्यंत आला, आत्या चष्मा शोधतेय हे बघितलं, आणि म्हणाला, "आत्या, डोक्यावर आहे." इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द. उजूताई चष्मा हातात घेऊन ढसाढसा रडल्या.

ती बातमी छापली गेली नाही. संपादक म्हणाले, पकडलं ती बातमी, सुटला ती कसली बातमी? फार मागे लागल्यावर म्हणाले, शेवटचं वाक्य काढ, दोन ओळी देतो. आणि या बाईसाहेब म्हणाल्या, नाही काढणार! मी म्हटलं, "अहो, काढा की! पोराचं नाव तरी स्वच्छ होईल." तर म्हणाल्या, "ते वाक्य काढलं तर चूक पोलिसांची होते शैला. ती माझी आहे." हात टेकले मी. इशान रोइंगला परत गेला नाही. आत्याशी मात्र पुन्हा पहिल्यासारखा भांडायला लागला. नोकरीच्या मुलाखतीत त्याचं नाव नेटवर शोधलं की तो पदकाचा फोटो पहिला यायचा आणि दर वेळी तो पहिल्यापासून सगळं सांगायचा.

उजूताई गेल्यावर दुसऱ्या दिवशीचे पेपर सुधीरने आणले. प्रत्येकात त्यांचा फोटो, आणि प्रत्येकात तेच वाक्य, की ज्यांनी स्वतःच्या भाच्याचं नाव छापायलाही मागेपुढे पाहिलं नाही अशा निर्भीड पत्रकार. माझा आधी विश्वासच बसेना. मग स्मरणसभा झाली. फोटोभोवती निशिगंधाचे हार, खचाखच भरलेला हॉल, इशान माझ्या शेजारी पहिल्या रांगेत. संपादक उभे राहिले आणि म्हणाले, "उज्ज्वलादीने रक्ताच्या नात्यालाही सोडलं नाही. पत्रकारितेची नीती म्हणतात ती हीच." टाळ्या पडल्या हो! माझ्या मुलाच्या अटकेवर टाळ्या... तो तिथे बसलेला असताना. पुढे काय झालं, याचा एक शब्द नाही. बाई गेली, आणि तिच्या मोठेपणासाठी माझा मुलगा जन्मभर पकडलेलाच राहणार?

मी उठले. माझं बंगाली हे घरात थट्टेचा विषय, तरी मोठ्याने म्हणाले, "ओर नाम चार्जशीटे छिलो ना!" त्याचं नाव आरोपपत्रात नव्हतं! संपादक म्हणाले, "निश्चय, निश्चय, बौदी," म्हणजे नक्कीच, वहिनी, आणि त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं. इशानने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, आत्याची ती बातमी तुला पाठ आहे ना?" पाठ आहे. दोनदा ऐकलंय. आज त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलाशी बसून लिहितेय. खिडकीतून मेट्रोचा आवाज येतोय, आणि इशान मागे उभा राहून शब्द तपासतोय. त्यांची बातमी इंग्रजीत होती, मी ती आपल्या भाषेत देते. बाकीच्या तिघांची नावं मी लिहिणार नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. शेवटचं वाक्यही काढलेलं नाही.

"रोइंगपटूंच्या मारहाण प्रकरणी पोलिसांनी कोर्टात दाखल केलेल्या आरोपपत्रात इशान टेंबे याचं नाव नाही. इशान भांडण सोडवत होता, असा जबाब जखमी विद्यार्थ्यानेच दिला आहे. त्याच्या अटकेची बातमी याच वार्ताहराने नावासह दिली होती. ते नाव छापायला नको होतं. चूक माझी आहे. – उज्ज्वला टेंबे."