रेडिओताईंची गोळी

रेडिओताई हे नाव त्यांना शाळेतच पडलं. लग्नानंतर नवऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकदा सुरू झाल्या की त्यांना बंद करायचं बटण नसे. अशा बाईने पेशा कोणता निवडावा? ज्यांचं माणूस बेपत्ता झालंय, त्यांच्या घरच्यांचं ऐकून घेण्याचा. या समुपदेशनात निम्मं काम गप्प बसण्याचं, आणि नेमकी तिथेच ताईंची बोंब. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला. समोरचा येऊन बसला की एक कडक गोळी गालात ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

एकदा एका न्हाव्याला त्याची बायको जवळजवळ ओढतच घेऊन आली. तिचा धाकटा दीर दुकानातून ब्लेडं आणायला म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. तेव्हापासून नवऱ्याच्या तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकं केस कापायला कमी आणि याच्या गप्पा ऐकायला जास्त येत. नुसती मुकाट कात्री चालू लागल्यावर गिऱ्हाइकं बिचकली.

"दुकान बसलं तर बसू दे, ताई," बायको म्हणाली. "पण एक हरवला तो हरवला, हे समोर असून हरवल्यासारखे वाटतात."

एवढं बोलून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ताईंनी गोळी गालात सारली. न्हावी गप्प, ताई गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता. त्यात गोळ्यांचा डबा नवा, एकेक गोळी लिंबाएवढी. विरघळायचं नाव नाही. न्हाव्याची नजर धंद्याच्या सवयीने त्यांच्या गालावर गेली आणि तिथेच अडकली.

"दाढ का?"

खरं सांगायला तोंड उघडावं तर गोळी बाहेर. ताईंनी मान अशी काही गोल फिरवली की तिचा कसलाही अर्थ व्हावा.

"आमच्या येड्याचीही अशीच सुजायची," न्हावी म्हणाला. "दातवाल्याचं नाव काढलं की पलंगाखाली. एवढा घोडा झाला तरी. मी पाय धरून ओढायचो." त्याने हवेतच तसं ओढून दाखवलं. "आता दुखलं तर कोण ओढणार त्याला?"

धीराची वाक्यं ताईंच्या जिभेवर रांग लावून उभी राहिली, पण दारात हा धोंडा. आणि तो बोलतच सुटला. भावाने एका गिऱ्हाइकाची अर्धीच मिशी उडवली ते, त्यावरून आपण त्याला किती झापलं ते. मध्येच रडला, मध्येच हसला, ताईंना मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या.

वेळ संपून गेला तशी बायकोने दार लोटून पाहिलं.

"ये, बस गं, ताईंना मिशीचं सांगतोय," म्हणत त्याने शेजारची खुर्ची ओढली.

ती बसली. तिला तो किस्सा तोंडपाठ होता. तरी म्हणाली, "पहिल्यापासून सांगा."