मनगटाचे मार्क

गुरुजींचा स्कोअर क्लिनिकमध्ये पहिला आला त्या दिवशी सरांनी पेढे मागवले. मी मात्र गुरुजींचा उजवा हात धरून उभी होते आणि तो हात खांद्याच्या वर यायला तयार नव्हता.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. सर म्हणजे आमच्या क्लिनिकचे मालक. पेशंटना व्यायामाचा कंटाळा येतो म्हणून त्यांनी मोशन कंट्रोलवाला व्हिडिओ गेम आणला. रिमोट हातात धरायचा, हात वर नेऊन फिरवायचा, की पडद्यावरचा खेळाडू बॅट फिरवतो. बटणं दाबायची भानगडच नाही. सर इतके खूश, की येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः खेळून दाखवायचे.

गुरुजी जवळच्या गुंजी गावचे, गणिताचे रिटायर्ड शिक्षक. त्यांना फ्रोझन शोल्डर झालेला. यात सांध्याभोवतीचं आवरण आखडतं आणि हात वर जात नाही. रोज थोडा थोडा ताण देत तो मोकळा करावा लागतो. इकडे नातवाचं लग्न तोंडावर आलेलं. त्यांच्या भाऊकीत नवरदेवाला फेटा घरातल्या थोरल्यानंच बांधायचा, तोही नवरदेव देवासमोर उभा असताना. भावांच्या सगळ्या पोरांना गुरुजींनी बांधला होता. आता स्वतःचा नातू, आणि हात हा असा.

मग एकदा मी गुरुजींना खेळताना नीट पाहिलं. खुर्चीत निवांत बसलेले, कोपर मांडीवर, आणि नुसतं मनगट झटकतायत. हात किती वर गेला हे त्या रिमोटला कळतच नव्हतं. त्याला झटका कळायचा. झटका बसला की पॉइंट.

“गुरुजी, हात कुठं वर केलात?”

“पॉइंट पडाल्यात न्हवं? मग झालं की!”

एवढ्यावर थांबले असते तर ते गुरुजी कसले? शेजारच्या खुर्चीतल्या शहापूरच्या आक्कांना ते शिकवू लागले, “मनगट सैल सोडा आक्का. कोपर अजिबात हलवायचा न्हाय. लई सोपं हाय.” मी दिवसभर घसा कोरडा करून जे सांगते, त्याच्या बरोब्बर उलटं. आठवड्याभरात सगळे खांदेवाले या ट्यूशनला लागले. मी कपाळावर हात मारला.

सरांकडे गेले.

“वैशाली, चार्ट बघ. सगळ्यांचे स्कोअर वर चाललेत.”

“स्कोअर वर चाललेत सर. हात खालीच आहेत. मी कोन मोजलेत.”

सांधा किती उघडतो ते मोजायची आमची एक पट्टी असते. तिच्यावर गुरुजी पहिल्या दिवशी होते तिथंच होते.

“पट्टी नीट धरली नसशील,” सर म्हणाले.

इतका संताप आला, की तिथून उठून आले. तशीच गुरुजींसमोर जाऊन उभी राहिले आणि माझी ओढणी त्यांच्या हातात दिली. “मला फेटा बांधा.”

ते हसत उठले. डावा हात वर आला. उजवा माझ्या हनुवटीपर्यंत आला आणि अडला. त्यांनी दात-ओठ खाल्ले, खांदा उचलला, कमरेतून वाकडे झाले. ओढणी खाली पडली.

त्यांनी ती डाव्या हातानं उचलून मला दिली. मग म्हणाले, “मग हे मार्क कुणाचं?”

“मनगटाचे, गुरुजी.”

शहापुरात एक गेम पार्लर बंद पडलं होतं. तिथल्या जुन्या मशीनची मोठी, गोल, रंगीत बटणं मी मिळवली. इलेक्ट्रिशियनकडून फळीवर एकाच्या वर एक बसवून ती फळी भिंतीवर उभी ठोकली. ज्या बटणात दिवा लागेल ते दाबायचं, की पॉइंट.

“जग कुठं चाललंय आणि तू बटणं लावतेस?” सर म्हणाले.

“हात पोचल्याशिवाय बटण दाबलं जात नाही, सर. मला तेवढंच पाहिजे.”

पहिल्या दिवशी गुरुजींना खालचं एकच बटण जमलं. “ह्यो पेपर सिलॅबसभायरचा हाय!” म्हणून रागावून गेले. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आले आणि तिच्या टोकानं वरचं बटण दाबलं. मी छत्री कपाटात घालून कुलूप लावलं. त्यानंतर मात्र ते खरोखर झगडले. ओरडले, मला शिव्या घातल्या, एक दिवस रुसून घरी बसले. पण आले. सगळ्यात वरचं बटण शेवटपर्यंत हाती लागलं नाही.

लग्नानंतर ते मिठाई म्हणून कुंदा घेऊन आले.

“बांधलात?” मी दारातच विचारलं.

“फेट्याचं येढं समदं मी दिलं. शेवटाला तुरा खोचायला हात पोचंना. पोरगं माझ्याहून उंच हाय. मग त्यानं काय केलं ठावं हाय? म्हणाला, आप्पा, थांबा. आणि देवासमोर गुडघ्यावर बसला.” त्यांचे डोळे भरून आले. “समद्या भाऊकीसमोर, पोरी.”

सरांनी आता बटणांच्या आणखी दोन फळ्या करायला सांगितल्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ही कल्पना त्यांचीच. मी वाद घालत नाही. एवढंच शिकले, की एखादं यंत्र मार्क द्यायला लागलं की टाळ्या वाजवण्याआधी ते कशाचे मार्क देतंय ते बघावं. आणि पेशंट मास्तर असेल तर दोनदा बघावं.