सुरुंगाच्या वेळेचा हादरा

बुटीबोरीच्या आमच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात जमीन हलली की लोक आधी घड्याळाकडे बघायचे. दुपार असली की झालं, माना पुन्हा खाली. शेजारी रस्त्याच्या गिट्टीसाठी खदान सुरू झाली होती आणि तिथं रोज दुपारी सुरुंग लागायचा.

मी गॅस कंट्रोलला होते. काचेपलीकडे, पांढऱ्या सूटमध्ये, माझी धाकटी बहीण भट्टीवर. त्या भट्टीला जाणारा एक गॅस असा, की नुसती हवा लागली तरी पेटतो. म्हणून जमीन हलताच गॅस आपोआप बंद करणारं यंत्र बसवलेलं. पण ते येडं सुरुंगालाही भूकंप समजायचं! लाइन बंद पडायची, भट्टीतला माल वाया जायचा. मग साहेबांनी तोडगा काढला. सुरुंगाच्या वेळी किल्ली फिरवून यंत्र झोपवायचं, धक्का होऊन गेला की जागं करायचं. किती भांडले मी!

"बाप्पा, नागपुरात कुठी आला भूकंप? काहून डोकं खाऊन राहिल्या बाई?" साहेब म्हणाले. जसं काही जमिनीनं यांना लिहूनच दिलंय.

त्या दुपारी यंत्र झोपलेलंच होतं आणि हादरा आला. सुरुंग म्हणजे एक ठोका, खिडक्या थरथरल्या की संपलं. हा संपेचना. कपातला चहा टेबलावर सांडला. शेजारचा ऑपरेटर हसत म्हणाला, "आज जास्तच बारूद भरली वाटते लेकाच्यांनी." मी हातानंच गॅस बंद केला, भोंगा दाबला आणि खदानीच्या मुकादमाला फोन लावला.

"आमचा आज लागलाच नाही बाई," तो म्हणाला. "इथंबी हललं."

धावत काचेपाशी गेले. आत भोंगा वाजत होता आणि एकही माणूस जागचा हलला नव्हता. सगळे सारखेच पांढरे, बहीण डोळ्यांवरून ओळखली. काच बडवली, बाहेर ये म्हणून खुणा केल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा भट्टीकडे वळली. माय वं! मला रडूच फुटलं.

काही झालं नाही. छोटाच होता भूकंप, संध्याकाळी बातम्यांत आला. पण भट्टीतला माल गेला होता आणि साहेबांचा पारा चढला होता. "काही पडलं का? कोणी मेलं का?"

"मेल्यावर विचारणार होते का?" मीही सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, उद्यापासून स्टोअरमध्ये बसा.

परतताना बसमध्ये मी बहिणीवर भडकले. "काहून नाही निघाली वं बाहेर? कान फुटले होते तुझे?"

"काहून चिडून राहिली ताई?" तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. "तू दिसली म्हणून तर निवांत झाले. तू आहे म्हणजे गॅस बंद केलाच असशील. मी सगळ्यांले सांगतलं, भेव नका, माझी ताई आहे बाहेर."

उद्यापासून मी तिथं नाही, हे आता सांगणं भाग होतं. सांगितलं.

तिनं डोकं उचललं. "मग किल्ली कोणाजवळ?"

"तो माझ्या बाजूचा. ज्याले तो सुरुंग वाटला."

तिनं माझा हात धरला, तो आमचा सीताबर्डीचा स्टॉप आला तरी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी तिचीच होती.