सात पानांचं एक वाक्य

माझा धंदा फरश्यांचा; चिनी मी शिकलो ती भावाच्या घासाघिशीसाठी. तिकडचे कारखानदार आपसांत काय बोलतात ते कळल्याशिवाय भाव खरा की खोटा हे ओळखता येत नाही. पुढे त्याच भाषेतल्या एका लेखिकेची कथा हाती आली, आणि दोन वर्षं खपून मी ती मराठीत आणली.

आई वारल्यावर तिचं घर बंद करायला आलेली मुलगी उंबऱ्यात उभी आहे. किल्ली कुलपात आहे, फिरत नाही. एवढंच घडतं. सात पानं, एकच वाक्य. लहानपण, इस्पितळ, आजची सकाळ एकमेकांत घुसतात. आई बोलते की मुलगी, लेखिका सांगत नाही. शब्द मात्र भाजीबाजारातले.

आमच्या शारजाच्या मराठी मंडळाने ती दिवाळी अंकासाठी घेतली. संपादक पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. एका शनिवारी दुपारी त्यांनी अल मजाज भागातल्या आपल्या घरी बोलावून छपाईची प्रत समोर ठेवली. वाक्याचे साठ तुकडे केले होते. आधी लहानपण, मग इस्पितळ, असं ओळीने लावलं होतं. आणि शेवटी मुलीने कुलूप लावलं होतं. मूळ कथेत ती लावतच नाही.

"शेठ, वाचकाला श्वास तरी घेऊ द्या," ते हसत म्हणाले.

"त्या मुलीला घेता येतोय का?"

डोकं तापलं होतं, तरी मी सौद्याला बसलो. दुसरं मला येतं काय? दहा तुकडे करा म्हटलं, ते तिसावर आले. ठीक, तीस, पण शेवट तिचाच राहील, म्हटलं. लोक विचारतील पुढे काय झालं, म्हणाले. मी कागद गोळा केले, "खलास" म्हणून उठलो. दुबईत देराच्या बाजारात आयुष्यभर हेच केलं. गिऱ्हाईक उठलं की दाराशी पोचायच्या आत मागून हाक येते.

बूट घालायला मी मुद्दाम वेळ लावला. आत कपबश्या उचलल्याचा आवाज आला. दार माझं मीच ओढून घेतलं. लिफ्ट आली, जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली.

अंक निघाला. माझ्या पानांवर वाळवंटातल्या सहलीचे फोटो आहेत. मंडळात मी सगळ्यांना सांगतो, संपादकांना ती कथा कळलीच नाही. ते समोरच असतात, ऐकतात; खोडून काढत नाहीत. तिसाला मी हो म्हटलं होतं, हे फक्त त्यांना ठाऊक आहे.