मी न चढलेला जिना

बाहेरगावचं माणूस येऊन आपलंच गाव आपल्याला पायी हिंडवून दाखवणार, हे त्या काळात वर्ध्यात कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. कचेरीत साहेबांनी बोलावून सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. नागपूरहून एक बाई येणार होत्या. त्या एका कॉलेजात वास्तुकला शिकवायच्या. वीसेक विद्यार्थी घेऊन सकाळी स्टेशनापासून निघायचं, जुन्या इमारती पाहत जायचं, आणि गावातल्या ज्यांना हौस असेल त्यांनीही सोबत यायचं, असा बेत होता.

"तू इथलाच आहेस, तू जा सोबत," साहेब म्हणाले. "तुझ्या रिपोर्टाची प्रत पाठवली आहे बाईंना. खूश झाल्या. म्हणाल्या, कोणी इतकं लिहून ठेवत नाही."

माझं हसू तिथंच विरलं.

ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. मी एका सरकारी कचेरीत ओव्हरसियर होतो. पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या जुन्या इमारतींची यादी माझ्या हातात देण्यात आली होती. प्रत्येक इमारत आतून-बाहेरून पाहायची आणि धोका आहे की नाही ते लिहायचं, एवढंच काम. यादीत जुन्या बाजारामागची एक धर्मशाळा होती. दोन मजली, मधे अंगण, आणि वरच्या मजल्याला चारही बाजूंनी लाकडी सज्जा. मी गेलो तेव्हा मे महिन्याची दुपार होती. जिन्याच्या दाराला कुलूप होतं. तिथला म्हातारा चौकीदार हिंगणीला कोणाच्या तरी लग्नाला गेला होता. मी अंगणात उभा राहून वर पाहिलं. सज्जा सरळ दिसला. पुन्हा कशाला यायचं, असं मनाशी म्हणत मी कचेरीत परतलो आणि लिहिलं : 'वरच्या मजल्याचा सज्जा चढून तपासला. लाकूड सुस्थितीत आहे.' त्यातला 'चढून' हा शब्द माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. तो मी आपणहून घातला.

फेरीच्या दिवशी छान थंडी होती. बाई पन्नाशीच्या, उंच, पायात कापडी बूट. खांद्याच्या झोळ्यात टेप, विजेरी, स्क्रू फिरवायचा पेचकस. मुलामुलींच्या मागे गावातले पाच-सहा जण होते, त्यांत मला शाळेत शिकवलेले एक निवृत्त मास्तरही होते. एरवी मी त्या सकाळी खूप काही शिकलो असतो. ज्या रस्त्यांवर मी सायकल शिकलो ते दोरी लावून काटकोनात आखलेले आहेत, हे मला बाईंनी दाखवलं. बाजारातल्या दुकानांची जोती छातीएवढी उंच का, तर कापसाच्या गाठी थेट बैलबंडीतून आत सरकवता याव्यात म्हणून. जन्मभर पाहिलेली जोती, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

पण माझं लक्ष बाईंच्या हाताकडे होतं. त्या हातातल्या कागदांत माझा रिपोर्ट होता.

सरकी काढायच्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी त्या थांबल्या. "हात लावा," त्या मुलांना म्हणाल्या. "लांबून सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात."

सगळ्यांनी हात लावला. मीही लावला.

धर्मशाळा दोन गल्ल्यांवर आली तेव्हा मी पुढे झालो. "बाई, ती धर्मशाळा बंद असते हल्ली. आपण थेट स्टेशनकडे वळलो तर मुलांना गाडी आरामात मिळेल."

"बंद?" मागून मास्तर म्हणाले. "काऊन बंद असंन? काल संध्याकाळी तं मी तिथं चौकीदाराशी बोलत बसलो होतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चालू लागल्या.

चौकीदार दारातच उभा होता, किल्ली हातात घेऊन. पाहुणे येणार म्हणून त्याने अंगण शेणाने सारवून घेतलं होतं. त्याची सून, तान्ही मुलगी कडेवर घेऊन, खांबाआड उभी राहून सगळ्यांकडे पाहत होती. त्याने जिन्याचं कुलूप काढलं. मुलं वर पाहू लागली. सज्ज्याखाली चांद्याकडच्या जंगलातल्या सागवानाचे कोरीव टेकू होते, त्यांवर पोपट आणि वेली. खरंच देखणं काम होतं.

बाईंनी कागद उलटले. "बावीस जणं चढतील एकदम. पेलेल ना? तुम्ही चढून तपासलंय, असं लिहिलंय इथे."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मास्तरही.

"हो," मी म्हणालो.

मुलं हसत-खिदळत चढू लागली. जिना अरुंद होता, त्यामुळे एकामागे एक. पहिली तीन सज्ज्यात पोचली, मग पाच, मग आठ. मी अंगणात सज्ज्याखालीच उभा होतो. नववा मुलगा वर पाऊल ठेवतो न ठेवतो, तोच माझ्या सदऱ्याच्या बाहीवर काहीतरी पडलं. पिठासारखा बारीक, पिवळसर भुसा. मी वर पाहिलं. फळ्यांच्या फटीतून तो सतत झरत होता.

"थांबा!" मी ओरडलो. "कोणी हलू नका! जिन्यावरचे मागे फिरा!"

हसणं बंद झालं. बाई वळल्या.

"मी वर गेलो नव्हतो," मी म्हणालो. "मे महिन्यात. जिन्याला कुलूप होतं. मी इथूनच पाहून लिहिलं."

बाईंनी मान वर केली आणि वर्गात बोलावं तशा आवाजात सांगितलं, "सगळ्यांनी भिंतीला पाठ लावा. कठड्याला हात नको. जिन्याजवळचा आधी उतरेल. एकेक."

एकेक जण उतरू लागला. प्रत्येक पावलागणिक लाकूड कुरकुरत होतं. सगळ्यात शेवटी गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मुलगी राहिली. ती कोपऱ्यात पोचली होती.

"मॅडम, फळी हलते आहे."

"मला माहीत आहे. पाय उचलू नकोस, घासत ये. माझ्याकडे बघ."

ती आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि रडू लागली. मग बाई स्वतः जिन्याच्या वरच्या टोकापर्यंत गेल्या. भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकात त्यांनी पेचकस दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"वाळवी," त्या म्हणाल्या. "वरून फक्त कवच उरलंय."

चौकीदार माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हंजे तुमी वर गेलेच नव्हते?"

"नाही."

"मी तं तुमच्या कचेरीत येऊन इचारलं होतं, साहेब. तिथल्या बाबूनं कागद पाहून सांगतलं, सज्जा पक्का हाये. म्हणूनच मी सुनेले अन् नातीले वर निजवून राह्यलो. खाली ढेकणं लय झाले."

त्याने बोट दाखवलं. समोरच्या बाजूच्या सज्ज्यात गुंडाळलेली चटई होती, दोरीवर लहानसं झबलं वाळत होतं आणि वरच्या वाशाला लुगड्याची झोळी बांधलेली होती. सकाळपासून मी या मुलांच्या आणि माझ्या नोकरीच्या काळजीत होतो. त्या झोळीत पोर सहा महिने झोपत होतं.

सुनेने मुलीला कडेवरून खांद्यावर घेतलं आणि सज्ज्याखालून निघून अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

बाईंनी मुलांना मास्तरांबरोबर पुढे पाठवलं. मला म्हणाल्या, "नवा रिपोर्ट आत्ता लिहा. मी थांबते."

ओट्यावर बसून मी लिहिलं. 'सदर सज्जा यापूर्वी चढून तपासण्यात आला नव्हता असे आढळून आले.' त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला. "कोणाला आढळलं? कोणी तपासला नव्हता? तुमच्या शब्दांत लिहा."

मी खोडलं. 'मी चढलो नव्हतो' असं लिहिलं. खाली सही केली. त्यांनीही साक्षीदार म्हणून केली.

साहेब भडकले, पण चूक केली म्हणून कमी आणि लिहून दिली म्हणून जास्त. "तोंडी सांगायचं होतं रे, कागदावर कशाला आणायचं?" महिनाभरात माझी बदली पुलगावला झाली. धर्मशाळेच्या पंचांनी आठवड्याच्या आत इमारतीला टाळं लावलं. सज्जा उतरवला, ते योग्यच झालं. पण चौकीदाराची राहण्याची जागाही त्याच टाळ्यामागे गेली, याचा विचार ना पंचांनी केला होता ना मी.

चार-पाच वर्षांनी मी पुन्हा वर्ध्यात आलो. चौकीदार वर्ध्यालगत सिंदी मेघेला एका खोलीत राहतो असं कळलं, म्हणून एका रविवारी गेलो. म्हातारा थकला होता, नजर अधू झाली होती. आवाजावरून त्याने मला ओळखलं आणि "या, बसा" म्हणाला. झोळीतली नात आता शाळेत जात होती. आम्ही पावसापाण्याचं बोललो. सून दाराशी उभी होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं,

"साहेब, त्या दिवशी थे नागपूरचे पोरं आले नसते तं?"

मी वाटेत बरंच काही बोलायचं ठरवून आलो होतो. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

"तर मी सांगितलं नसतं," मी म्हणालो.

ती आत गेली, पाण्याचा गडू आणून माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा बाहेर आली नाही. मी पाणी प्यायलो. म्हाताऱ्याने माझा हात चाचपडत हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि सोडला.