अकरा वाजताचं पाणी

मी स्वभावानं संशयी माणूस आहे आणि ते मी कधी लपवलेलं नाही. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. समोरचा "साहेब, पार्ट ओके आहे" असं म्हणाला, की मला आधी तोच पार्ट मोजावासा वाटायचा. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही, फक्त हाताशी मोजायला काही उरलं नाही. मग आमच्या संत तुकाराम नगरातल्या सोसायटीत पाण्याची डिजिटल मीटरं बसली आणि माझी सोय झाली.

मीटर बसवणाऱ्या माणसावरही मी सुरुवातीला विश्वास ठेवला नव्हता. गळ्यात ओळखपत्र अडकवून त्यानं पार्किंगमध्ये आम्हाला रंगीत आलेख दाखवले. प्रत्येक फ्लॅटच्या पाइपला एक मीटर, दर पंधरा मिनिटांनी त्याचा आकडा त्यांच्या सर्व्हरवर जाणार आणि तिथून आमच्या मोबाइलवर येणार.

"सर्व्हर कुठे आहे?" मी विचारलं.

"क्लाउडवर, काका."

"म्हणजे कुठे?"

तो नुसता हसला. मला ते हसणं आवडलं नाही. पण पालिकेचं पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात टाकी तळाला, आणि जिन्यात रोज भांडणं, त्यामुळे सगळ्यांनी हात वर केले. पाण्याची देखरेख माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर सगळ्या घरांचे आलेख माझ्या मोबाइलवर आले. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटू लागली. कोण किती वाजता आंघोळ करतं, कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाचा नळ गळतो, सगळं मला बसल्या जागी कळायला लागलं.

त्याआधी काही महिने विजेची नवी मीटरं बसली होती. त्यांचंही ॲप होतं. ते मी माझ्या घरावरच चालवलं. जेवताना मोबाइल पुढे धरून बायकोला विचारायचो, "सव्वाअकराला तासभर काय चालू होतं?"

"मशीन लावलं होतं."

"रोज? दोन माणसांचे कपडे ते किती?"

आठवडाभरात अकराचा तो उंचवटा आलेखावरून गेला. घराला शिस्त लागली म्हणून मी खूष झालो. पाण्याच्या मीटरांनी तर माझी कॉलर आणखी ताठ केली, कारण सबंध इमारतीत सगळ्यात कमी पाणी माझ्या घराचं दिसत होतं. मी ते चारचौघांत सांगायचो. "आमच्याकडे बघा जरा," असं म्हणायचो.

आणि सगळ्यात जास्त पाणी दिसत होतं माझ्या समोरच्या दाराचं. तिथे एक तरुण जोडपं भाड्यानं राहायचं, धाराशिवकडचं. तो निघोज्याच्या एका कंपनीत शिफ्टला, ती घरी. माणसं दोन, पाणी पाच जणांचं. त्यातलं निम्मं पाणी रोज अकरा ते बारा या वेळात. ती वेळ माझी खाली सोसायटीच्या ऑफिसात बसायची होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी नसताना बरोबर कसं? यांनी नक्कीच शिफ्टवाली पोरं कॉट बेसिसवर, खाटेमागे भाडं घेऊन, ठेवली असणार. रात्रपाळीहून येऊन ती अकराला आंघोळी उरकत असणार.

मग मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. दारासमोरच्या चपला मोजल्या, दोन जोड. दुधाच्या पिशव्या मोजल्या, रोज एक. दाराच्या भिंगातून पाळत ठेवली, तर नवऱ्याखेरीज कुणी आत जाताना दिसलं नाही. दुसऱ्या कुणाचा संशय तिथेच मिटला असता. माझा वाढला. इतकं साफ काम म्हणजे माणसं मुरलेली आहेत, असं मला वाटलं.

शेवटी मी दार वाजवून सरळ विचारलं. ती मुलगी तांदळाचं धुवण झाडांना घालत होती. हात पुसत पुढे आली.

"काका, आमी दोघंच हाव की. आमच्या गावाकडं पाणी पंधरा दिवसाला यायचं. आमाला पाणी सांडायला जमतच न्हाई."

"मीटर खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"मंग मी खोटं बोलते व्हय?"

आमच्या खात्यात माणसाचं तोंड आणि मोजायचं गेज यांत कुणाचं ऐकायचं, हा प्रश्नच नसे.

रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. मी महिन्याभराचा आलेख मोठा छापून आणला होता. बोट ठेवून ठेवून दाखवला. रोज अकराला, एकही दिवस खाडा नाही. लोक आधीच पाण्यावरून पेटलेले होते. "राव, आम्ही बादलीत भागवतो आणि हे लॉज चालवतात!" कुणीतरी ओरडलं. त्या मुलीचा नवरा उभा राहून "घरात येऊन बघा" म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतो. फ्लॅटच्या मालकाला तिथूनच फोन लागला. महिनाअखेर घर रिकामं करायचं ठरलं. माझी बायको बायकांच्या खुर्च्यांत बसली होती. माझं बोलणं संपायच्या आत ती उठून वर गेली. गुडघा दुखत असेल, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते दोघं चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेले. दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी अकरानंतर मी सहज आलेख उघडला, तर त्यांच्या घराचं पाणी नेहमीसारखंच चढत होतं. मला काय वाटावं? दुसरी किल्ली! पोरं आत ठेवून बाहेरून कुलूप लावून गेलेत! मी दाराला कान लावला. आत चिडीचूप. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. तेव्हा मात्र चौथ्या दिवशी मी ऑफिसात न जाता थेट गच्चीवर गेलो. टाकीखाली सगळ्या घरांचे कॉक ओळीनं आहेत, प्रत्येकावर मीटर आणि नंबराची पट्टी. अकराला समोरच्या घराचं मीटर फिरू लागलं. मी तो कॉक बंद केला. आता बघू कोण दार उघडून बाहेर येतं, असं म्हणून जिन्याकडे वळलो.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, पाणी गेलंय. बघता का जरा?"

मी परत कॉकपाशी आलो आणि तिथल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो. हळूहळू आठवत गेलं. घराचा ताबा घेताना माझी आई अडून बसली होती, दक्षिणेचं दार नको. समोरच्या तेव्हाच्या मालकाला दक्षिणेचं काही वाटत नव्हतं. आम्ही दोघांनी घरं बदलली. पण करारावर आणि कर्जाच्या कागदांवर नंबर चढलेले होते, म्हणून कागद तसेच ठेवून दारावरच्या नंबराच्या पाट्या काढून एकमेकांना दिल्या. वायरमनला सांगून विजेची मीटरं तेव्हाच बदलून घेतली. पाण्याला मीटर असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नव्या कंपनीनं बिल्डरच्या जुन्या नकाशावरून पट्ट्या लावल्या. ते माझं कमी पाणी त्या मुलीचं होतं. पाच माणसांचं पाणी माझ्या घरचं होतं. गेले तीन दिवस माझ्या नंबरावर शून्य दिसत होतं आणि मी ते पाहिलंही नव्हतं. स्वतःचा आकडा कोण तपासतो?

कॉक उघडून मी खाली आलो. पण तोवर माझा संशय सवयीनं माझ्याच घरात शिरला होता. ही रोज अकराला इतकं पाणी करते तरी काय? बेल न वाजवता मी माझ्या किल्लीनं दार उघडलं.

बाथरूमचं दार लोटलेलं होतं. ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, दुखता गुडघा लांब करून गोधडी चोळत होती. बाजूला चादर, परकर आणि एक रबरी कापड. मला पाहून तिनं गोधडीवर हात पसरले, झाकायला.

वर्षभर मी कंबरेसाठी हॉलमधल्या दिवाणावर झोपतो. ती आत. सहा-सात महिन्यांपासून तिला झोपेत लघवी आवरत नव्हती. मला कळू नये म्हणून ती मी खाली जायची वाट बघायची. गॅलरीत वाळणाऱ्या गोधड्या मी रोज पाहत होतो. ऊन दाखवतेय, असं समजत होतो.

"मशीन का नाही लावलंस?" माझ्या तोंडून आधी हेच निघालं.

"लावलं की तुम्ही विचारायचे."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. लाज वाटली, नुसती लाज. बैठकीत छापून नेलेला तो आलेख माझ्या बायकोच्या दुखण्याचा होता. शंभर माणसांसमोर मी त्यावर बोट ठेवत होतो आणि ती तिथे बसून ऐकत होती. आणि कुठल्याशा सर्व्हरवर, जो कुठे आहे हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही, ते माझ्याआधी कितीतरी दिवस नोंदलं जात होतं.

"बैठकीत तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? सगळ्यांसमोर?" मग ती म्हणाली, "पाट्यांचं माझ्या तिथेच लक्षात आलं. त्या पोरीला मी संध्याकाळी जाऊन सांगितलं सगळं. पाया पडले तिच्या."

"मग?"

"ती म्हणाली, काकू, तुमी गप रावा. आमचं काय, भाड्याचं घर, दुसरं मिळंल. तुमाला इथंच ऱ्हायचंय."

पुढचे चार दिवस मी कामाला लागलो. मला येतं तेच काम मी केलं. मीटर कंपनीला कडक पत्र लिहिलं. गच्चीवरच्या पट्ट्या माझ्यासमोर बदलून घेतल्या. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर कबुली दिली, की ते पाणी माझ्या घरचं, फ्लशची टाकी गळत होती, दोष माझा, समोरच्यांवर नाहक आळ आला. फ्लशचं खोटं होतं. तीस वर्षांत मी खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता, हा लिहिला. समोरच्या मालकाला दोनदा फोन करून घर त्यांनाच ठेवायला लावलं. सगळं तारखेनिशी कागदावर.

ती दोघं गावाहून परतली त्या सकाळी मी दार वाजवलं. आत गावी जाण्याआधीच बांधून ठेवलेली खोकी होती. दिघीला खोली बघितली होती, आज टेम्पो यायचा होता. मी काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. पट्ट्या, पत्र, ग्रुपवरचा मेसेज, मालकाशी झालेलं बोलणं, एकेक करून सांगितलं. थांबा, जाऊ नका, असंही म्हणालो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे बघत हळू आवाजात विचारलं, "काका, काकूला दवाखान्यात दाखवलं का?"

मी दाखवलं नव्हतं.